दोघं भेटतात कुठं, ते आधी ठरव

दारव्ह्याकडच्या एका पोरीनं विचारलं होतं, की ताई ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, माहिती कुठून काढायची, खेड्यात राहून हे जमते का, आणि यावर पोट भरते का. सोबत तिनं तिच्या कथेचं पण सांगितलं. साल 1875, नायिका कास्तकाराची मुलगी, सोळा वर्षांची, लग्न व्हायचं आहे, नायक रेल्वेत कारकून, दोघांची भेट गुलमोहराखाली आणि मग शकुंतला गाडीनं येणारी पत्रं. कथेवर शेवटी येते, त्यात मला बरंच बोलायचं आहे.

पोटाचं आधी सांगून टाकते बेटा. नाही भरत. मी अचलपूर तालुक्यात राहते, नऊ कादंबऱ्या झाल्या, घरचा संत्र्याचा बगीचा आहे आणि थोडं कोरडवाहू वावर. हिशोब असा, की आवृत्ती पाचशे प्रतींची, किंमत तीनशे रुपये, मानधन दहा टक्के, म्हणजे सगळ्या प्रती खपल्या तर पंधरा हजार, आणि त्यामागं दोन वर्षं गेलेली. एका प्रकाशकानं तर माझ्या तिसऱ्या कादंबरीचे पैसे चार वर्षं दिले नाही, फोन केला की म्हणे ताई प्रती गोडाउनमध्येच पडल्या आहेत, आणि इकडं वाचक मला विचारतात की पुस्तक कुठंच भेटत नाही, संपलं का. शेवटी पैशाऐवजी त्याच पुस्तकाच्या साठ प्रती पाठवल्या. अजून माळ्यावर आहेत, लग्नात आहेर म्हणून देते. दिवाळी अंकातून थोडं भेटते, अलीकडं ऑडिओचं बरं आहे, बाया स्वयंपाक करता करता ऐकतात. पण घर चालते ते संत्र्यावर, आणि ज्या साली आंबिया बहार गळला त्या साली तेही नाही.

दिवस कसा जातो याचं उत्तर महिन्यावर आहे. मे महिन्यात आमच्याकडं पंचेचाळीस-शेहेचाळीस डिग्री राहते, तेव्हा पहाटे चार ते सात एवढंच लिहिणं, नंतर डोकं चालत नाही आणि लाईन गेली की कूलर पण बंद. मृग लागला की पेरणी, मग डवरण, निंदण, तेव्हा एक ओळ होत नाही आणि मी आता त्याचं वाईटही वाटून घेत नाही. कापूस वेचणीच्या दिवसात मजूर बाया शोधत गावभर फिरायचं. खरं लिहिणं होते ते संक्रांत ते रामनवमी. तीन महिने. बाकीचे नऊ महिने वाचणं, टिपणं काढणं, आणि जास्तीत जास्त वेळ एकाच प्रश्नात जाते, तोच तुला सांगायचा आहे.

प्रश्न असा, की हे दोघं भेटले कुठं? आणि त्या वेळी तिथं दुसरं कोणी का नव्हतं?

तू हसशील. पण इंग्रजीतल्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या बघ, त्यांचा लाडका काळ म्हणजे रीजन्सी, 1811 ते 1820, तिथं लेखिकेला हा त्रास नाही, नाचाचा हॉल आहे, कोणी ओळख करून दिली की नव्या माणसानं नाचायला हात मागायचा रिवाजच आहे. त्याच वर्षांत आपल्याकडं काय चालू होतं तर नागपूरला रघुजी भोसले दुसरे 1816 ला गेले, 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आणि खेड्यापाड्यात पेंढाऱ्यांची दहशत. अशा गावात कोणती तरणी पोर एकटी बाहेर पडणार आहे? नदीवर गेली तर चार जणी सोबत. विहिरीवर गेली तर विहीर पण जातीप्रमाणे वेगळी, म्हणजे तुझ्या नायक-नायिकेतलं एक जण अस्पृश्य ठरवलेल्या जातीचं असेल तर ते एका विहिरीवर येऊच शकत नाहीत, आणि हे जर तू गाळलं ना, तर कथा गोड होईल पण खोटी होईल. मला अशा कादंबऱ्या वाचवत नाहीत ज्यात जुनं गाव आहे, वाडा आहे, पैठणी आहे आणि जातच नाही.

म्हणून मी एक वहीच केली आहे, भेटीच्या जागांची. शोधायला गेलं की सापडतात. मोहाचं बघ. चैत्राच्या सुमारास मोहफुलं पहाटे पहाटे गळतात, ऊन वर यायच्या आत वेचून घ्यावी लागतात, नाहीतर गुरं खातात. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडं लोकं आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात आणि अंधारात टोपल्या घेऊन निघतात, कोणाचं झाड कोणतं हे ठरलेलं राहते. आता विचार कर, अंधार आहे, जंगल आहे, प्रत्येकजण आपापल्या झाडाखाली वाकलेला आहे, कोणी कोणाकडं बघत नाही, आणि अस्वलाची भीती म्हणून एकटं जायचं नाही. शेजारचं झाड ज्याचं आहे त्याच्याशी दोन शब्द बोलणं भागच आहे. याच्यापेक्षा चांगला हॉल कुठं भेटेल मला? एक अख्खं प्रकरण मी या दोन झाडांवर लिहिलं, त्यात दोघं एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत, फक्त तो जाता जाता आपल्या टोपलीतली ओंजळभर फुलं तिच्या टोपलीत टाकते आणि ती ती फुलं काढून परत त्याच्या झाडाखाली टाकते. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी ती परत टाकत नाही.

भुलाबाई पण तशीच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात, सासरी दिलेल्या पोरी पण माहेरी आलेल्या राहतात. पोरींनी दिवे लागल्यावर गल्लीत फिरायला वर्षातून एवढीच मुभा. जत्रा तर आहेच, माझ्या तीन कादंबऱ्यांत बहिरमची जत्रा आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी, थंडीत, गोवऱ्यांवर रोडगे भाजणं चालू आहे आणि धूर इतका की ओळखीचा माणूस चार हातांवर दिसत नाही. धूर फार कामाचा असतो बाप्पा.

आणि धुरा. दोन वावरांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, ही भांडणाची जागा, म्हणूनच तिथं दोन घरची माणसं समोरासमोर येतात.

आता माझी फजिती सांगते. दुसऱ्या कादंबरीत माझी नायिका विधवा होती आणि शेवटी तिचा पाट लागते. पाट म्हणजे दुसऱ्यांदा संसार मांडणं, कुणबी, तेली, माळी अशा कितीतरी जातींत हे आधीपासून चालत होतं, 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला तो मुख्यतः ज्या जातींत मनाई होती त्यांच्यासाठी. हे मला माहीत होतं. पण मी शेवट कोजागिरीला घेतला. पिठूर चांदणं, अंगणात पाट, दूध आटवणं चालू, वगैरे वगैरे, मला स्वतःला वाचून रडू आलं होतं. पुस्तक आलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजीला मी ते प्रकरण वाचून दाखवलं, तिला वाचता येत नव्हतं. ती ऐकत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हणे, "पाट काय चांदण्यात लावते का वं माय कोणी?"

मी म्हटलं का नाही. तर ती म्हणे, पहिल्या लग्नाचा उजेड, दुसऱ्याचा अंधार.

मग मी रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड काढले, 1916 चे, ते आधी चाळले होते पण नीट वाचले नव्हते, आणि बघते तर त्यात आहेच, विधवेचं लग्न रात्री आणि अंधाऱ्या पाखात, म्हणजे कृष्णपक्षात, लावतात म्हणून. माझ्या घरात पुस्तक होतं आणि मला आजीनं सांगावं लागलं. दुसरी आवृत्ती निघायला अकरा वर्षं लागली (मराठी कादंबरी आहे, घाई कशाची), तेव्हा शेवट बदलला. अमावास्येच्या जवळची रात्र, जवसाच्या तेलाचा एकच दिवा, चार-पाच माणसं, सनई नाही, आणि तो तिचा चेहरा नीट बघूच शकत नाही, बांगड्या भरताना फक्त हात दिसतात. पहिल्या शेवटापेक्षा शंभर पट चांगला झाला. चांदण्यात मी त्यांना सगळं बघू दिलं होतं म्हणून काही उरलंच नव्हतं.

तेव्हापासून मी तिथीशिवाय रात्र लिहीत नाही. जुनी पंचांगं नसली तरी आता कॉम्प्युटरवर दोनशे वर्षांपूर्वीच्या तारखेचा चंद्र काढता येते. 1803 चं एक उदाहरण देते, कारण ते माझ्या पाचव्या कादंबरीचं हाड आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावची लढाई झाली, आर्थर वेलस्ली एकीकडं आणि भोसल्यांची फौज दुसरीकडं. लढाई दिवस कलल्यावर सुरू झाली, रात्री पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र होता, आणि पळणाऱ्या फौजेचा इंग्रजांच्या घोडदळानं चांदण्यात कित्येक मैल पाठलाग केला. त्यानंतर 15 डिसेंबरला गाविलगड पडला, तेव्हा चंद्र काढून बघ, अमावास्या कालपरवाची. म्हणजे एकाच पंधरवड्यात उजेडानं माणसं मारली आणि अंधारात किल्ला वेढलेला. माझा नायक अडगावहून जखमी होऊन चिखलदऱ्याकडं निघते. मी आधी त्याला लपत छपत पाच रात्री चालवलं होतं, पण पहिल्या दोन-तीन रात्री तर लख्ख चांदणं, तो दिसणार नाही का? म्हणून त्याला तिथंच एका खेड्यात ज्वारीच्या कडब्यात थांबवावं लागलं, आणि थांबला म्हणून ती भेटली. सांगायचं काय, की चंद्रानं मला नायिका दिली, मी शोधली नव्हती.

अंतराचं पण तसंच. रेल्वेच्या आधी आपल्या वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा, पाचशे मैल. गेलेला माणूस कधी येईल, येईल की नाही, बाईला कळायला मार्ग नाही. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली आणि तो सगळा विरह संपला, माणूस आठ दिवसांत मुंबई बघून परत. त्यामुळं विरहाची कादंबरी लिहायची तर मी 1867 च्या अलीकडं येत नाही, आणि चुकामुकीची, गाडी सुटण्याची, स्टेशनवर उभं राहण्याची लिहायची तर पलीकडं जात नाही. घड्याळ पण रेल्वेसोबतच डोक्यात शिरलं. त्याआधी प्रहर आणि घटका. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, आणि "दोन मिनिटं थांब" असं माझी कोणतीही नायिका 1850 ला म्हणत नाही.

वस्तूंचं फार सांगत नाही, सगळेच सांगतात. गुलमोहर मादागास्करचा, इंग्रजांच्या काळात आला, त्याच्याखाली शिवकाळातल्या जोडप्याला उभं करणारे लोक आहेत आपल्यात. पळस घे ना, आपला आहे, फाल्गुनात पेटते. सोयाबीन तुझ्या आजोबांच्या तरुणपणी पण आपल्याकडं नव्हतं. कापूस लिहिला तर कोणता ते लिही, हिंगणघाटच्या बनी कापसाचं नाव बाहेर गाजलेलं होतं. गाजरगवत तर कालचं आहे. एका वाचकानं मला फोन करून सांगितलं होतं की तुमच्या 1820 च्या वाड्यात कंदील कसा काय, रॉकेल कुठून आणलं, आणि मी त्याला अर्धा तास वाद घालून शेवटी कबूल केलं.

माहिती कुठून काढायची? नागपूरला पुराभिलेखागाराची शाखा आहे, तिथं जायच्या आधी मोडी शिक. मला दीड वर्ष लागलं, तुला कमी लागेल, तुझे डोळे चांगले आहेत. मोडी वाचता आली तरी तारीख वाचता येणं वेगळं. मराठी कागदांवर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतली कालगणना, राहते, तेही अरबी शब्दांत, म्हणजे "इहिदे मयातैन व अलफ" हे झालं 1201, त्यात 599 मिळवले की इसवी सन 1800. फसलीत, म्हणजे महसुलाच्या सनात, मात्र 590 मिळवायचे. मी एकदा शुहूरला फसली समजले आणि माझा नायक अख्खी कादंबरी नऊ वर्षं आधी जन्मला, म्हणजे लढाईच्या वेळी जो बावीसचा पाहिजे तो एकतीसचा. छापायच्या आधी सापडलं म्हणून वाचले.

इंग्रजांची गॅझेटियरं घे, 1870 चं वऱ्हाडचं आहे, मध्य प्रांताचं आहे, जेनकिन्सचा नागपूरच्या मुलखावरचा 1827 चा रिपोर्ट आहे, सगळं आता मोबाईलवर फुकट उतरवता येते, कॉपीराइट कधीच संपला. पण त्यात बाई बोलत नाही. साहेबानं पाटलाला विचारलं, पाटलानं सांगितलं, लिहून घेतलं. त्यात भाव भेटते, पाऊस भेटते, रस्ते भेटतात, बाईचं मन नाही भेटत. ते जात्यावरच्या ओव्यांत आहे. आणि आणखी मागं जायचं असेल तर आपल्या रिद्धपूरच्या महानुभावांकडं जा, तेराव्या शतकातलं गद्य आहे आणि लोक त्यात कसे साधे साधे बोलतात ते बघ, आणि महदाईसेचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, ते तर रुक्मिणीच्या लग्नाचेच, आपल्या कौंडण्यपूरच्या पोरीचे. कोणी म्हटलं ना की विदर्भात कुठं आली प्रेमाची परंपरा, तर त्याला रुक्मिणी, दमयंती, इंदुमती एवढी तीन नावं सांग आणि चहा पाज.

बोलण्याची भाषा हा मोठा डोकेदुखीचा विषय. पूर्ण जुनी वऱ्हाडी लिहिली तर पुण्याकडचा वाचक पुस्तक मिटते, प्रमाण लिहिली तर माझी माणसं पाहुण्यासारखी बोलायला लागतात. मी कथन साधं ठेवते आणि संवादात क्रियापदं आपली. आणि एक नियम पाळते, "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य कोणाच्याच तोंडी नाही. जीव लागला म्हणतात, मन बसलं म्हणतात, ते पण दुसऱ्याजवळ. ज्याच्यावर बसलं त्याला नाही सांगत. त्याला सांगतात, तुमच्या बैलाचा खूर दुखते वाटते, वाटेत गोटे आहेत, नदीकडून न्या. नदीकडून का, ते त्याला कळलं तर कळलं.

आता तुझी कथा. नायिका सोळा वर्षांची आणि 1875 ला अविवाहित, कास्तकाराच्या घरी? अगं 1929 च्या शारदा कायद्यातसुद्धा मुलीच्या लग्नाचं वय चौदाच होतं, आणि त्याच्या पन्नास वर्षं आधी सोळाची पोर म्हणजे दोन लेकरांची माय. मी काय करते, तर माझ्या नायिका बहुतेक विधवा, टाकलेल्या, नाहीतर लग्न होऊन गौणा, म्हणजे सासरी पाठवणी, न झालेल्या. त्यांना आयुष्य समजलेलं राहते, वाचकाला पण त्यांचं वय खुपत नाही, आणि त्यांच्यासाठी पाट नावाचा रस्ता समाजात होता, त्यामुळं गोड शेवट करायला खोटं बोलावं लागत नाही.

गुलमोहर काढून टाक, त्याचं झालं बोलून.

आणि गाडी. आपण जिला शकुंतला म्हणतो ती मूर्तिजापूर-यवतमाळ लाईन 1903 ची. 1875 ला तुझ्या दारव्ह्यात रेल्वेच नव्हती, बैलबंडी होती. म्हणजे एक तर तुझा कारकून बडनेऱ्याला नाहीतर अकोल्याला ठेव आणि पत्रं हरकाऱ्यासोबत येऊ दे, नाहीतर अख्खी कथा उचलून 1903-04 ला आण. मी तुझ्या जागी असते तर दुसरं केलं असतं. कारण मग तुझ्या नायिकेच्या मागं 1899-1900 चा छप्पन्याचा दुष्काळ येते. समज ती आता वीस-एकवीसची आहे, म्हणजे दुष्काळात ती सतरा-अठराची, लग्न झालेली. तिच्या घरातलं कोण तेव्हा गेलं? नवरा गेला की नवरा मजुरीला निघून गेला आणि परत आलाच नाही? परत आला नसेल तर ती विधवा आहे का, हे कोणालाच माहीत नाही, पाट लावता येत नाही, कुंकू पुसता येत नाही. आणि आता गावात पहिल्यांदा रेल्वे आली आहे, रोज गाडीतून माणसं उतरतात. ती रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन उतरणाऱ्यांचे चेहरे बघते, आणि तुझा कारकून तिला तिथं रोज बघते, तिकिटं गोळा करता करता. भेटायची जागा झाली, तिथं एकटं यायचं कारण झालं. गाडीतून तो नवरा उतरते की नाही, ते मात्र तू ठरव.